हवेतला चेंडू

बे सिटी, मिशिगन. फेब्रुवारी. नदी गोठलेली.
तळघरात हीटर खोकतोय,
आणि माझे वडील, काझ नोविकी, वय एकोणऐंशी,
सोफ्याच्या टोकावर बसलेत
डगआउटच्या बाकावर बसत तसे,
कधीही उठावं लागेल अशा बेतानं.

उजव्या हाताची दोन बोटं फाउंड्रीने ठेवून घेतली,
चौऱ्याहत्तर साली.
त्यानंतरही दोन सीझन ते चर्चच्या टीमकडून
लेफ्ट फील्डला उभे राहिले.
फेकायचे वाकडं, पकडायचे सरळ.

आता पिचिंग माझ्याकडे, मैदान त्यांच्याकडे.
बोटांचा विचार करून मी सेटिंगमध्ये गेले
आणि त्यांना न विचारता
फील्डिंग ऑटोवर टाकली.
गेल्या वर्षी गाडीची किल्लीही मीच काढून घेतली होती.
तीसुद्धा न विचारता.

पहिलाच चेंडू उंच उडाला.
पडद्यावरचा लेफ्ट फील्डर वळला, पळाला,
ग्लोव्ह उघडला, झेल.
बाबांचा अंगठा जागचा हललाही नव्हता.
"कोण धावलं?"
तुम्हीच की.
"मी नाही."

दुसरा. तिसरा. एकही सुटेना.
फळ्यावर आमचे आकडे देखणे दिसत होते
आणि ते बघत होते
आपल्याच स्वयंपाकघरात
परकं कुणी भाकरी भाजताना बघावं तसे.

"काढ ते," म्हणाले. काढलं.

मग जी दैना उडाली!
सरपटी चेंडू शॉर्टस्टॉपच्या पायांतून गेले,
कुंपणाच्या भोकातून कुत्रं निसटतं तसे.
एक जण पहिल्या बेसकडे पाठ करून उभा.
दुसरा भिंतीला नाक लावून
जागच्या जागी पळतोय, पळतोय.
चौथ्या इनिंगला सतरा-एक.
आई कपड्यांची टोपली घेऊन अर्ध्या जिन्यापर्यंत आली,
"खाली कोण मेलं का?" विचारून परत गेली.

मी म्हटलं, बाबा,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?
जिंकत होतो ना मघाशी?

माणसाकडे बघून बोलायची त्यांना सवय नाही.
ते पडद्याला म्हणाले,
"पळत्याच्या पाठी जाण्याचाच पगार होता, रेनाटा.
म्हणजे, पगार नव्हता. रविवारी सॉसेज मिळायचं.
पण बॅटवरून चेंडू सुटला की आवाज येतो बघ,
त्यावरून ठरवायचं, पहिलं पाऊल पुढे की मागे.
झेल काय, ग्लोव्ह घेतो.
पाऊल ग्लोव्हला टाकता येत नाही."
आणि जिथे बोटं नाहीत तिथे खाजवलं.

मी पुन्हा मेनू उघडला.
या वेळी मोठ्याने वाचून दाखवला, ओळ न ओळ.
ते युनियनच्या टेबलावर बसल्यासारखे ऐकत होते.
"सरपटी त्याला दे," म्हणाले.
"गुडघे नाहीतच माझे. घेऊ दे त्याला.
हवेतला माझा."
आणि फेकणं?
बराच वेळ गेला.
"फेकणं... अर्धं अर्धं."

पाचवी इनिंग. मी चेंडू टाकला.
खट्! पोकळ नव्हे, भरीव आवाज.
बाबा पुढे झुकले, अंगठा दाबला,
आणि डावा हात सरळ वर,
"माझा! माझा!"
जणू सेंटरहून कुणी धावत अंगावर येतंय.
मी सोफ्यावर सरकले.
कळायच्या आत सरकले, जागा करून दिली.

चेंडू त्यांच्या सहा पावलं मागे पडला.

"ऊन आलं डोळ्यांत," ते म्हणाले.

रात्रीचे नऊ. तळघर.
एकुलत्या खिडकीवर काचभर बर्फ.
हो, मी म्हटलं, आज फारच आहे.
आणि पुढचा चेंडू
जरासा हळू टाकावा का, याचा विचार केला,
आणि नाही टाकला.